जमीन सगळीकडे सारखी नसते

रुग्णालयातला ऑक्सिजनचा साठा बहुधा आवाराच्या एका कोपऱ्यात, जाळीच्या दाराआड असतो. तिथला दाब कमी झाला, तर वरच्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात लगेच घंटा वाजायला हवी. ही खबर पोहोचवण्याचे काम अनेक ठिकाणी दोन पातळ तारा करतात. एकमेकींना पीळ घातलेली ही जोडी साठ्याजवळच्या सेन्सरपासून निघते आणि केबलच्या डक्टमधून वर चढून परिचारिकांच्या टेबलाजवळच्या पॅनेलपर्यंत जाते. रुग्णाला किंवा नातेवाइकांना ती कधी दिसत नाही. डॉक्टरांनाही ती ठाऊक असतेच असे नाही.

या तारांतून आकडे एकामागोमाग एक, रांगेने जातात. म्हणून या पद्धतीला सीरियल कम्युनिकेशन म्हणतात. कारखान्यांत सर्वाधिक रुळलेला तिचा प्रकार म्हणजे आरएस-४८५. हे मानक १९८३ साली आले. त्यावरून बहुतेक यंत्रे जी भाषा बोलतात, ती मॉडबस, १९७९ सालची. मोबाइल दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या जगात चाळीस वर्षांहून जुनी ही जोडगोळी अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि तिची तार हजारभर मीटर लांब नेता येते. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले यंत्र, घाटकोपरच्या एखाद्या गाळ्यातली भट्टी, सोसायटीचा पंप, जनरेटर, वीजमीटर, रुग्णालयाचे वातानुकूलन अशा असंख्य ठिकाणी ती काम करते.

तिच्या बिघाडाची तऱ्हाही सगळीकडे सारखीच. सकाळी आकडे नीट येतात. दुपारी लिफ्ट, पंप आणि चिलर एकदम चालू झाले की पॅनेलवर मध्येच ‘संपर्क तुटला’ असे दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडल्या की पॅनेलमधले कार्डच जळते. मेकॅनिक कार्ड बदलून जातो. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दोष कार्डात नसतो. तो असतो अर्थिंगमध्ये, म्हणजे ज्या जमिनीला आपण शून्य समजतो, त्या समजुतीत.

कारखान्यात अशा बिघाडाने एखादी पाळी वाया जाते. रुग्णालयात त्याचा परिणाम वेगळा होतो. घंटा वरचेवर खोटी वाजू लागली की माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि शेवटी तिचा आवाज बंद करून ठेवतात. वैद्यकशास्त्रात याला अलार्मचा थकवा म्हणतात आणि तो रुग्णसुरक्षेचा गंभीर प्रश्न मानला जातो. मग ज्या दिवशी घंटा खरी वाजते, त्या दिवशी ती ऐकणारे कोणी नसते.

शून्य नेमके कुठले?

व्होल्टेज म्हणजे दोन जागांमधला फरक. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, तसे प्रत्येक यंत्र स्वतःच्या शून्यापासून व्होल्टेज मोजते आणि हे शून्य अखेर जमिनीशी जोडलेले असते. अडचण अशी की दोन इमारतींत दोन वेगळे अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचे खड्डे असतात आणि त्या दोन ठिकाणची जमीन सारखी नसते.

मुंबईची उपनगरे याचे चांगले उदाहरण आहेत. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल उभी आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळ्या बेसाल्टचा कडा. असा कोरडा, अखंड खडक वीज सहजी वाहू देत नाही. मुलुंडच्या पूर्वेला खाडीच्या बाजूने मिठागरे आहेत. तिथला ओला, खारट चिखल वीज उत्तम वाहून नेतो. एकाच पद्धतीने केलेला अर्थ पिट या दोन जागी अगदी वेगळे काम करील. ऋतूनुसारही फरक पडतो. मे महिन्यात जमीन सुकते आणि पिटचा रोध वाढतो, जुलैत तो आपोआप उतरतो. म्हणूनच पिटची मोजणी भर पावसात करून ‘सगळे ठीक’ असा शेरा मारणे फसवे ठरते. ती उन्हाळ्यात करायला हवी.

एक साधा हिशेब पाहू. एका इमारतीच्या पिटचा रोध २ ओहम आहे. वायरिंगमध्ये कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ चुकून जोडले गेले आहेत, त्यामुळे ५ अँपिअरचा प्रवाह जमिनीत जातो आहे. ओहमच्या नियमाने त्या इमारतीचे ‘शून्य’ १० व्होल्टने वर उचलले गेले. शेजारच्या इमारतीचे शून्य जागच्या जागीच आहे. आता या दोन इमारतींमध्ये कोणी डेटाची केबल टाकली आणि तिच्या तारेने दोन्ही शून्ये जोडली. वाटेतला एकूण रोध ५ ओहम धरला, तरी त्या नाजूक तारेतून २ अँपिअर वाहू लागतील. तिची घडण मात्र याहून कितीतरी कमी, काही मिलिअँपिअर प्रवाहासाठी असते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आणि वीज जवळ पडली तर? साधारण विजेच्या लोळात ३० हजार अँपिअर असतात. पिटचा रोध फक्त १ ओहम असला, तरी क्षणभर त्या इमारतीचे शून्य ३० हजार व्होल्टवर जाऊन पोहोचते. मग शेजारच्या इमारतीकडे जाणारी डेटाची तार हीच त्या विजेची वाट बनते.

लोकलच्या रुळांनी शिकवलेला धडा

जमिनीतून फिरणाऱ्या विजेशी मुंबईचा परिचय शंभर वर्षांचा आहे. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे हार्बर मार्गाने धावली. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. वीज होती १५०० व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. ही वीज वरच्या तारेतून गाडीत येते आणि रुळांतून सबस्टेशनकडे परतते. रूळ जमिनीवरच असल्याने परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग मातीत उतरतो आणि जवळचे लोखंडी पाइप, केबलचे आवरण अशा सोप्या वाटेने पुढे जातो. डीसी रेल्वेजवळ पुरलेले पाइप लवकर गंजतात, ते या भटक्या प्रवाहामुळे.

पुढे उपनगरी मार्गांवर २५ हजार व्होल्टची एसी वीज आली. हा बदल पश्चिम रेल्वेवर २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बरवर २०१६ साली पूर्ण झाला. दरम्यान ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तीही २५ हजार व्होल्टवरच. व्होल्टेज सुमारे सतरा पट वाढले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सतराव्या हिश्शाने लागतो. हा मोठा फायदा. पण एसीचे दुखणे निराळे. सेकंदाला पन्नास फेऱ्या मारणारा हा प्रवाह शेजारून समांतर धावणाऱ्या तांब्याच्या लांब तारेत, तिला न शिवताही, व्होल्टेज निर्माण करतो. रुळांलगतच्या सिग्नलच्या आणि दूरध्वनीच्या तारांना नेमका हाच धोका असतो.

जगभरच्या रेल्वेंनी यावर जे उपाय योजले, तेच छोट्या प्रमाणात कारखान्याला आणि रुग्णालयालाही लागू पडतात. तारांना धातूचे आवरण घालायचे आणि ते योग्य ठिकाणी अर्थ करायचे. परतीच्या प्रवाहाला स्वतःची सोपी वाट करून द्यायची, म्हणजे तो भटकणार नाही. आणि लांबच्या संदेशांसाठी तांबे सोडून काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर वापरायची. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन टोकांची शून्ये कितीही वेगळी असोत, काचेला त्याचे सोयरसुतक नसते.

ईसीजी आणि आरएस-४८५

तारांचा हा विषय डॉक्टरांना परका वाटू शकतो. पण प्रत्येक डॉक्टर त्यातले मुख्य तत्त्व रोज वापरतो. हृदयाच्या ठोक्याचा छातीवर मिळणारा विद्युत संकेत जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. भिंतीतल्या वायरिंगमुळे रुग्णाच्या अंगावर त्याच्या कितीतरी पट मोठे ५० हर्ट्‌झचे व्होल्टेज बसलेले असते. तरीही ईसीजी निघतो, कारण यंत्र दोन इलेक्ट्रोडमधला फक्त फरक मोजते. दोघांवरही सारखाच असलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो.

आरएस-४८५ हेच करते. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन तारांमधला फरक पाहून ती शून्य की एक ते ठरवते. हा फरक ०.२ व्होल्ट असला तरी तिला पुरतो. तारांना पीळ घातलेला असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो आणि वजा होतो. यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की या पद्धतीला दोनच तारा पुरेत, अर्थिंगचा विचार करायची गरज नाही.

इथेच चूक होते. वजाबाकी करणाऱ्या चिपला मर्यादा असते. तिच्या स्वतःच्या शून्याच्या तुलनेत दोन्ही तारा उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट या पट्ट्यात असल्या, तरच मानकाप्रमाणे ती नीट काम करते. वरच्या हिशेबातले १० व्होल्ट या पट्ट्याच्या काठावर जाऊन बसतात. त्यात तारांचे स्वतःचे काही व्होल्ट मिसळले की पट्टा ओलांडला जातो. आधी आकडे चुकतात, मग संपर्क तुटतो आणि फरक फार वाढला तर चिप जळते. म्हणून दोन तारांच्या जोडीला तिसरी, दोन्ही टोकांचे संदर्भशून्य एकत्र ठेवणारी तार लागते. ईसीजीत उजव्या पायाचा इलेक्ट्रोड साधारण हेच काम करतो. तो निघाला की कागदावर पन्नास फेऱ्यांची जाड, थरथरती रेघ उमटते.

पण दोन दूरच्या इमारतींत तीच तिसरी तार ग्राउंड लूप तयार करते. जोडावी तर प्रवाह वाहतो, न जोडावी तर चिप मरते. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे आयसोलेशन.

संदेश जावा, वीज अडावी

आयसोलेशन म्हणजे विद्युत वाट तोडणे आणि माहितीची वाट चालू ठेवणे. यासाठी सर्वांत परिचित भाग ऑप्टोकपलर. नखाएवढ्या काळ्या डबीत एका बाजूला बारीक एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. संदेश आला की एलईडी लुकलुकतो आणि पलीकडचा ट्रान्झिस्टर ते पाहून तोच संदेश पुढे पाठवतो. मधल्या पारदर्शक आवरणातून प्रकाश जातो, विजेचा प्रवाह जात नाही. अशी डबी काही हजार व्होल्टचा फरक सहन करू शकते. चुंबकीय क्षेत्राने किंवा सूक्ष्म कपॅसिटरने हेच काम करणाऱ्या चिपही मिळतात.

एक बारकावा मात्र नेहमी निसटतो. डेटा आयसोलेट केला, पण डबीच्या दोन्ही बाजूंना वीज एकाच पॉवर सप्लायमधून दिली, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार उघडे, अशी गत होते. तारेकडच्या बाजूचा पॉवर सप्लायही स्वतंत्र, आयसोलेटेडच हवा. हे नीट केले की तिसरी तार दोन्ही टोकांपर्यंत बिनधास्त नेता येते, कारण ती आता स्थानिक जमिनीशी जोडलेली नसते. केबलचे धातूचे आवरण अशा लांब तारांमध्ये साधारणतः एकाच टोकाला अर्थ करतात, म्हणजे त्यातूनही लूप होत नाही.

खाटेजवळ हिशेब बदलतो

कारखान्यात चुकलेल्या शून्याची किंमत बहुधा एक कार्ड असते. खाटेजवळ ती माणसाला मोजावी लागू शकते. हातातून १ मिलिअँपिअर प्रवाह गेला की झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या सुमारास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. छातीतून १०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. ही सगळी मोजमापे कोरड्या, शाबूत त्वचेआड असलेल्या हृदयाची आहेत. ज्या रुग्णाच्या हृदयापर्यंत पेसमेकरची तात्पुरती तार किंवा कॅथेटर गेलेले आहे, त्याला त्वचेचे हे संरक्षण उरत नाही. थेट हृदयाला पोहोचणारे १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे वरच्या आकड्याचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी प्रवाह जिवावर बेतू शकतो. शेजारी उभ्या परिचारिकेला त्याची चाहूलही लागणार नाही.

म्हणून वैद्यकीय उपकरणांचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१ (भारतात आयएस १३४५०) हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागांतून नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष उद्भवला तर ५० मायक्रोअँपिअर, एवढीच गळती चालवून घेते. साधा टेबलावरचा संगणक या नियमात बसत नाही. त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे अर्थच्या तारेतून ३.५ मिलिअँपिअरपर्यंत गळती त्याच्या मानकाला चालते. ऑफिसात त्याने काही बिघडत नाही, कारण ती गळती अर्थिंगमधून निघून जाते.

आता अशी कल्पना करा की खाटेवरच्या मॉनिटरचे आकडे नोंदवायला कोणी साधा संगणक आणला, सीरियल केबलने दोन्ही जोडले आणि संगणकाच्या प्लगची अर्थची पिन तुटलेली आहे. गळतीला जमिनीची वाट उरली नाही. ती केबलमधून मॉनिटरच्या बॉडीकडे निघते. संगणक आणि रुग्ण दोघांना एकाच वेळी हात लावणारा माणूसही तिची वाट बनू शकतो. चांगल्या मॉनिटरमध्ये रुग्णाकडची बाजू आतून आयसोलेट केलेली असते, म्हणून बहुतेक वेळा अनर्थ टळतो. पण सुरक्षेचा एक पदर तिथे गळून पडलेला असतो. म्हणूनच रुग्णापासून दीड मीटरच्या परिसरात काय जोडायचे याचे नियम वेगळे आहेत. तिथे वैद्यकीय दर्जाचा पॉवर सप्लाय किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि डेटाच्या तारेत वैद्यकीय दर्जाचा आयसोलेटर.

दोन घातक जुगाड

पहिला जुगाड म्हणजे अर्थची पिन कापणे. आकडे हलतात, स्पीकर गुणगुणतो, स्क्रीनवर रेघा येतात, मग कोणीतरी सांगते की एका यंत्राची अर्थ काढून टाका. लूप तुटतो, गुणगुण थांबते आणि इलाज यशस्वी झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात माणसाला वाचवणारी तार तोडलेली असते. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नव्हे. प्लग खोचताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, यासाठी. पिन नसलेल्या अशा यंत्राची धातूची बॉडी फिल्टरमुळे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगू शकते. पत्र्याची बॉडी असलेल्या लॅपटॉपवर दोन पिनांचा चार्जर लावून हात फिरवला की जाणवणाऱ्या झिणझिण्या याच जातीच्या. लूप तोडायचा तो डेटाच्या तारेत, आयसोलेटर लावून. अर्थच्या तारेत कधीही नाही.

दुसरा जुगाड अधिक शहाणा दिसतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठी वेगळा, ‘स्वच्छ’ अर्थ पिट खणायचा आणि तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडायचाच नाही. मग एकाच खोलीत दोन शून्ये होतात. वीज जवळ पडली की त्या दोहोंमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि दोन्हींना जोडणारी केबल, कार्ड किंवा माणूस तो सोसतो. पिट हवे तितके असावेत, पण ते सगळे एकमेकांना जाड पट्टीने जोडलेले असले पाहिजेत. एका इमारतीत शून्य एकच असते. अर्थिंगसाठी भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. कंत्राटदाराला काम देताना त्याचा उल्लेख करून घ्यावा.

विचारायचे प्रश्न

यातले बरेचसे काम खर्चाचे नसून चौकशीचे आहे. छोट्या नर्सिंग होमच्या चालकाने, गाळ्याच्या मालकाने किंवा सोसायटीच्या सचिवाने आपल्या इलेक्ट्रिशियनला पाच प्रश्न विचारावेत. अर्थ पिटची मोजणी उन्हाळ्यात शेवटची कधी झाली आणि आकडा लिहून ठेवला आहे का? सगळे पिट एकमेकांना जोडलेले आहेत का? इमारतीत एखादा प्लग तुटक्या पिनेचा किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालतो का? एका इमारतीतून दुसरीत जाणाऱ्या डेटाच्या तारेला आयसोलेटर आहे, की ती फायबरची आहे? आणि माणसाला वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का, त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहिले जाते का?

रुग्णालयाने यात आणखी दोन गोष्टींची भर घालावी. बायोमेडिकल इंजिनिअरकडून खाटेजवळच्या उपकरणांची गळती ठरावीक काळाने मोजून घ्यावी. आणि ऑक्सिजनच्या दाबाची नोंद केवळ वरच्या पॅनेलवर विसंबून न घेता, प्रत्येक पाळीत कोणीतरी मॅनिफोल्डपाशी जाऊन घड्याळी मापकावर डोळ्यांनी पाहून करावी. तार कितीही चांगली असली, तरी ही सवय सोडू नये.

नातेवाइकांसाठी नियम एकच. अतिदक्षता विभागात खाटेजवळच्या बोर्डावर मोबाइलचा चार्जर लावू नये. रुग्णाला हात लावताना दुसऱ्या हाताने यंत्राची बॉडी धरू नये. कुठल्याही यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘असे होतेच’ म्हणून सोडून न देता लगेच परिचारिकेला सांगावे.

आणि घरी, गाळ्यात किंवा रस्त्यावर कोणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा. त्याआधी त्या माणसाला हात लावू नये. तो निपचित असेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यावर जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. माणूस उठून बसला आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी जोराचा शॉक बसला असेल किंवा छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची खूण असेल, तर जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्यावा.